दुसऱ्याच्या पाण्याचे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग आठ-दहा दिवसांवर आला. घरोघरी आगोटीची कामं चालू आहेत. त्यात एक काम हमखास राहून जातं आणि जुलैपर्यंत त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून हे पत्र. कोकणात खळ्यात किंवा होमस्टेच्या अंगणात चिऱ्याचा हौद बांधून शोभेचे रंगीत कोई मासे सोडणारे आता बरेच आहेत. शिकणं बहुतेकांचं मोबाइलवर होतं. पहिल्या जोरदार सरींनंतर आठ-पंधरा दिवसांत मासे तळाला बसतात, पर आखडून घेतात, खाद्याकडे बघत नाहीत, एकेक मरू लागतो. मग ‘माशांना पाऊस बाधला’ असं म्हणून विषय मिटतो. पण दोष नुसत्या पावसाचा नसतो. आम्ल पचवण्याची ताकद आधीच संपत आलेल्या पाण्यावर तो पडतो, आणि ती संपतेय हे कोणी मोजलेलं नसतं.

ऑनलाइन मिळणारा बराचसा सल्ला जपान, इंग्लंड, अमेरिकेतल्या हौदांवरून आलेला आहे. कोई मूळचे जपानच्या निगाता प्रांतातले, यामाकोशीच्या डोंगराळ भातखाचरांतून वर आलेले. तिथे हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडतो. त्यामुळे पाणी दहा अंशांखाली गेल्यावर खाद्य बंद करा, थंडीत गव्हाच्या अंकुराचं खाद्य द्या, असा निम्मा सल्ला थंडीचा असतो. तो आपल्या कामाचा नाही आणि त्याने नुकसानही होत नाही. नुकसान होतं ते सांगणारा जे बोलतच नाही त्याने. दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागात नळाचं पाणी चुनखडीतून येतं, म्हणजे केएच (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) आपोआप भरपूर. त्या माणसाला केएचची आठवण काढायचं कारणच पडत नाही. आपलं पाणी जांभ्यातून झिरपतं. जांभ्यात चुना नाही. विहिरीचं पाणी पिण्याला गोड, पण मऊ आणि आंबटाकडे झुकलेलं.

केएच म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती अंदाजाने नाही, थेंबांच्या चाचणीने मोजायची. काचेच्या नळीत ५ मिली पाणी घ्या आणि थेंब टाकून हलवा. आधी निळं होतं, मग कुठल्यातरी थेंबाला पिवळं पडतं. नेहमीच्या किटमध्ये जितके थेंब तितके अंश. कोईंच्या हौदाला किमान ५, शक्यतो ६ ते ८ हवेत. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी कित्येकदा पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच पिवळं पडतं. रंग एकदम उलटतो तो डोळ्यांनी पाहिला की व्हिडिओत पाहिलेला ‘पीएच ७ म्हणजे उत्तम’ हा भरवसा राहत नाही. पीएच (आंबटपणाचं माप; ७ च्या खाली पाणी आंबट) आज ७ आहे एवढंच त्यातून कळतं, उद्या तो टिकेल का हे केएच सांगतो.

आता हिशोब. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १.२ मीटर खोल हौदात ७,२०० लिटर पाणी मावतं. फिल्टरमधले जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा केएच खातात. रोज १०० ग्रॅम खाद्य घालत असाल, तर साधारण २५ ते ३५ ग्रॅम खाण्याच्या सोड्याइतका केएच रोज जातो. या हौदात एक अंश म्हणजे सुमारे २१६ ग्रॅम सोडा. म्हणजे पावसाचा थेंबही न पडता सहा ते आठ दिवसांत एक अंश संपतो. दोन अंशांवर सुरुवात असेल, तर पंधरवड्यात पाणी उघडं पडतं. मग पीएच एका रात्रीत ५.५ पर्यंत घसरू शकतो.

पावसाचं माप तर डोक्यातच करता येतं: १ मिमी पाऊस, १ चौरस मीटर जागा, १ लिटर पाणी. दिवसात १०० मिमी पडला तर वरच्या हौदात थेट ६०० लिटर, म्हणजे जेमतेम आठ टक्के. तेवढं हौद सोसतो. पण शेजारच्या छपराचा ३० चौरस मीटरचा उतार हौदावर येत असेल, तर पागोळ्यांचं ३,००० लिटर पाणी त्यात जातं. चाळीस टक्क्यांहून जास्त, आणि केएच जवळपास शून्य. म्हणून पन्हळ फिरवणं हे औषधाआधीचं काम. हौदाची कड जमिनीपासून वीतभर तरी वर हवी, नाहीतर खळ्यातलं शेणामातीचं पाणीही आत येतं. ओसंडणीच्या पाइपाला जाळी लावाच. कोई हे सायप्रिनसचेच (कॉमन कार्पचेच) रंगीत भाऊबंद, चिखल उकरून खाणारे. वहाळात सुटले तर तिथल्या मुळच्या माशांच्या मुळावर येतात.

केएच वाढवायला खाण्याचा सोडा, धुण्याचा नव्हे. धुण्याच्या सोड्याने पीएच उडी मारतो. १,००० लिटरला ३० ग्रॅम टाकला की एक अंश वाढतो. आपल्या हौदात २ वरून ५ वर न्यायचं तर ६५० ग्रॅमच्या आसपास. तो तीन दिवसांत विभागून, बादलीत पूर्ण विरघळवून, पाणी पडतं त्या तोंडाशी हळूहळू ओतायचा.

इथे ऑनलाइन सल्ल्यातला सगळ्यात घातक खड्डा आहे. ‘पीएच पडला? सोडा टाका.’ पीएच ६ च्या खाली गेल्यावर फिल्टरचे जिवाणू जवळजवळ थांबतात, अमोनिया साठत राहतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियम रूपात असल्याने माशाला फारसा लागत नाही. अशा वेळी घाईने सोडा टाकून पीएच ८ वर नेला, की तोच साठा विषारी होतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी असतो, ८ ला पाच टक्क्यांवर जातो. सकाळी सोडा, दुपारी मासे पालथे! म्हणून पीएच पडलेला दिसला की आधी अमोनिया तपासा, खाद्य बंद करा, रोज १० ते १५ टक्के पाणी बदला, आणि अमोनिया उतरल्यावरच थोडाथोडा सोडा सुरू करा. हे कोणा व्हिडिओतल्या माणसाने मुद्दाम लपवलेलं नसतं. त्याच्या पाण्यात ते घडत नाही.

रोजच्या आधारासाठी आपल्याकडे फुकटातली गोष्ट आहे: कालवांचे शिंपले. उकळून, घासून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत भरा, हजार लिटरला किलो-दीड किलो, आणि फिल्टरमध्ये पाणी वाहतं तिथे ठेवा. महिन्याभराने त्यांवर बुळबुळीत थर बसतो, तो धुवायचा. मात्र शिंपले सावकाश विरघळतात. आषाढातल्या सलग पावसात एकट्या शिंपल्यांवर विसंबू नये. शेततळ्यात टाकतात तो चुना हौदात टाकू नये. मातीचा तळ तो पचवतो, सिमेंटचा हौद पचवत नाही. नवीन हौद असेल तर चार-पाच वेळा भरून, दर वेळी चार-सहा दिवस ठेवून, रिकामा करा आणि पीएच ८.५ च्या खाली टिकला तरच मासा सोडा.

दुसरी गोष्ट विजेची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. एरवीही वळवाच्या पावसात दोन-चार तास वीज जाणं नेहमीचंच. १५ अंशांच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच, आणि माशाची प्राणवायूची गरज मात्र ऊन पाण्यात वाढलेली. म्हणून थंड देशातली ‘इतक्या गॅलनला इतके मासे’ ही मोजणी इथे लावू नका. आपल्या ७,२०० लिटरमध्ये मोठे होणारे पाच-सहा कोई पुरे. प्राणवायू सर्वांत कमी असतो पहाटे. मासे पाणी पडतं तिथे तोंड वर करून गोळा झालेले दिसले, तर ती भूक नव्हे, धाप आहे. हे पहाटे हौदाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

४० वॉटचा एअर पंप १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर कित्येक तास चालतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत एकमार्गी झडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं. आणि फिल्टर चार-सहा तासांहून जास्त बंद राहिला असेल, तर वीज आल्या आल्या बटण दाबू नका. आतले जिवाणू गुदमरून कुजू लागलेले असतात. ते घाण वासाचं पाणी थेट हौदात जातं. आधी फिल्टर पूर्ण रिकामा करा, हौदाच्याच पाण्याने सैलसर धुवा, मग चालू करा.

औषधांबद्दल थोडक्यात. गॅलन अमेरिकेचा ३.७८ लिटरचा, इंग्लंडचा ४.५४ लिटरचा. कुठला ते न पाहता मात्रा घेतली की वीस टक्क्यांची चूक होते, आणि पोटॅशियम परमँगनेटसारख्या औषधात ती जिवावर बेतते. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीचं चक्र थंड पाण्यात महिनाभर लांबतं, आपल्या २७-२८ अंशांत आठवड्याच्या आत पुरं होतं. म्हणून तिकडचं दोन मात्रांमधलं अंतर इथे चालत नाही. मीठ ०.३ टक्के म्हणजे हजार लिटरला ३ किलो, साधं खडे मीठ, दोन दिवसांत विभागून. पाणी आटतं तेव्हा मीठ आटत नाही, तेव्हा आटलेल्या पाण्याची भर घालताना पुन्हा मीठ नको. फिल्टरमध्ये झिओलाइट असेल तर मिठाआधी काढा, नाहीतर त्याने धरलेला अमोनिया तो परत सोडतो.

पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकते. ते योग्यच आहे, पण त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस ते पाणी हौदात घेऊ नका. घ्यावंच लागलं तर आधी टाकीत, क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट घालून. विहिरीतल्या टीसीएलची ही ओळ परदेशी व्हिडिओत सहसा सापडणार नाही, आणि एका सकाळीत हौद रिकामा व्हायला तेवढं कारण पुरतं.

ऑनलाइन शिकू नये असं आमचं म्हणणं नाही. नायट्रोजनचं चक्र, सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी कसा दिसतो, माशाच्या अंगावरची बुळी काचपट्टीवर कशी घ्यायची, हे पडद्यावर उत्तम कळतं. आकडे मात्र आपल्या पाण्यातून काढायचे. सल्ला देणाऱ्यांनीही एवढी रीत पाळावी: मात्रा सांगताना हौद किती लिटरचा, पाणी किती अंश सेल्सिअस आणि केएच किती, या तीन गोष्टी सोबत सांगाव्यात. त्या नसतील तर ती मात्रा घेऊ नये.

शेवटी एक विनंती, आपल्या दैनिकामार्फत. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाने मृगाच्या तोंडावर एक आणि श्रावणात एक, असे दोन दिवस पाणी तपासणीसाठी खुले ठेवावेत. केएच, पीएच, अमोनिया एवढ्याच तीन चाचण्या, आणि येणाऱ्याने थेंब स्वतःच्या हाताने टाकायचे. आपण ती तारीख छापलीत तर मालवण-देवगडहूनही लोक येतील. नमुना आणताना स्वच्छ बाटली हौदाच्या पाण्याने दोनदा विसळावी, पाण्याखाली हातभर बुडवून काठोकाठ भरावी, हवा न ठेवता पाण्यातच झाकण लावावं, आणि बाटलीवर वेळ व त्या वेळचं तापमान लिहावं. विहिरीच्या पाण्याची बाटली वेगळी आणावी.

आपले,
कोई पाळणारे काही वाचक, रत्नागिरी