स्टार्टरला लगेच हो म्हणू नकोस

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

गाडी सुरू होत नाही आणि मेकॅनिकने स्टार्टर, म्हणजे इंजिनला पहिल्यांदा फिरवणारी मोटर, बदलायला सांगितलाय म्हणालीस. त्याने तपासलं काय, असं विचारल्यावर म्हणालीस, "किल्ली फिरवून पाहिली." एवढ्यावर स्टार्टर बदलायचा नसतो. फोनवर तू मध्येच "हो हो, कळलं" करतेस, म्हणून लिहूनच पाठवते.

गाडी सुरू होत नाही म्हणजे दोनपैकी एक भानगड असते. एक तर इंजिन फिरतच नाही, नाहीतर फिरतं पण पेट घेत नाही. फिरत नसेल तर बॅटरी, तिच्या केबल आणि स्टार्टर बघायचे. फिरत असेल तर पेट्रोल, ठिणगी किंवा इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. हे ठरवल्याशिवाय बॉनेट उघडण्यात अर्थ नाही. इंजिन जोरात फिरत असताना "बॅटरी बदला" म्हणणारे महाभागही असतात.

तुझी गाडी सेल्फ मारल्यावर एकदाच 'टक्' करते आणि गप्प बसते. भराभर टकटकटक आवाज आला असता तर बॅटरी उतरलीये, असं मी इथे बसून सांगितलं असतं. त्यात सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, स्टार्टर करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो आणि परत तेच सुरू होतं. एकच टक् मात्र फसवा असतो. तो बिघडलेल्या स्टार्टरचा असेल, तसाच बॅटरीच्या सैल नाहीतर गंजलेल्या टर्मिनलचाही, म्हणजे केबल जोडतात त्या जागेचाही असेल. टर्मिनल साफ करायला पैसे पडत नाहीत, तेव्हा आधी तिकडे वळ.

गाडी न्यूट्रलला ठेव, हँडब्रेक ओढ. हेडलाइट लाव आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांग. दिवे एकदम मलूल झाले तर बहुधा बॅटरीत दम नाही किंवा जोड खराब आहे. दिवे तसेच लख्ख राहिले तर संशय स्टार्टरकडे किंवा त्याच्या केबलकडे सरकतो. दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. दोन्ही हेडलाइटना मिळून दहाएक अँपिअर पुरतात. स्टार्टरला शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त लागतात.

आता डिकीतला मल्टिमीटर काढ आणि 20 व्होल्ट डीसीवर लाव. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12 च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण साडेनऊच्याही खाली गेला तर ती बॅटरी थकली, नाहीतर चार्ज तरी नाही.

पुढचं बहुतेक जण करत नाहीत आणि खोट नेमकी तिथेच सापडते. बॅटरीतून वर आलेला शिशाचा खुंट आणि त्याला आवळलेला क्लँप, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मीटरची एक पिन खुंटाच्या डोक्यावर टेकव, दुसरी क्लँपवर, आणि सेल्फ मारायला सांग. आकडा शून्याजवळच राहायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर त्या बोटभर जागेत वीज अडतेय. वरून क्लँप चकचकीत असतो आणि आत काळपट थर बसलेला असतो, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. दोन्ही टर्मिनलना हे कर. मग एक पिन निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून अर्थिंगही, म्हणजे बॅटरी आणि इंजिनमधला जोडही, सेल्फ मारताना तसाच बघ.

साफ करताना निगेटिव्ह आधी सोड आणि शेवटी जोड. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. अंगठी काढून ठेव, ती घालून बॅटरीत हात घालायची तुझी सवय मला माहीत आहे. पांढरं-हिरवं साचलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घास, कोरडं पूस आणि क्लँप हाताने हलणार नाही असा आवळ.

बॅटरीच उतरलेली निघाली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप केबल लाव. लाल आधी आपल्या पॉझिटिव्हला, मग दुसऱ्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी दुसऱ्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून. गाडी सुरू झाली की केबल काढून परत मीटर लाव. साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. साडेबाराच दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर, चार्ज करत नाहीये आणि नव्या बॅटरीचीही तीच गत होईल.

पुढे कधी इंजिन फिरलं पण पेटलं नाही, तर किल्ली ऑनवर ठेवून कान दे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण येते. ती नसेल तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारा स्विच, बघ. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर दुसरी किल्ली वापरून बघ. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नकोस, स्टार्टर तापतो.

एवढं करूनही एकच टक् राहिला तर त्या मेकॅनिकला एक चाचणी करायला सांग. सेल्फ मारताना स्टार्टरच्या जाड केबलच्या बोल्टवर किती व्होल्ट येतात ते त्याने तुझ्यासमोर मोजावं. तिथे बाराच्या आसपास येत असूनही स्टार्टर फिरत नसेल, तर त्याचं म्हणणं बरोबर आहे, बदलून टाक. आकडे मात्र मला लिहून पाठव.

तुझी,
आई