ओवीच्या रिपोर्टबद्दल

मिरज,
९ डिसेंबर

प्रिय दिल्या,

काल फोनवर समजवायला गेलो, पण तू ऐकायच्या अवस्थेत नव्हतास आणि मागं वहिनींचं रडणं चालू होतं. म्हणून लिहितोय. सावकाश वाच. आणि आधी ते मोबाईलवर शोधत बसणं बंद कर लेका. ‘पांढऱ्या पेशी वाढल्या’ एवढं टाकलं की तो तिसऱ्या ओळीत कॅन्सरवर येतो.

तुझ्या ओवीचा काऊंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा, १६,२००. शेजारी ठळक खूण आणि रेंज ४,००० ते ११,०००. अरे, ती रेंज तुझी-माझी, मोठ्या माणसांची. अडीच वर्षांच्या पोरीला साधारण ६ ते १७ हजार चालतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाचा ३० हजारांवर गेला तरी आम्ही दचकत नाही. मशीनमध्ये वय नीट भरलं नाही की ते आजोबांना आणि नातीला एकाच मापाची चप्पल घालतं. माझ्याच लॅबच्या धंद्यातली माणसं हे करतात, म्हणून जास्त चीड येते. लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, ५६ टक्के बघून तू घाबरलास, तेही तसंच. चार-पाच वर्षांपर्यंत पोरांच्या रक्तात लिम्फोसाइटचंच राज्य असतं, पुढं न्यूट्रोफिल नावाचा दुसरा प्रकार वरचढ होतो.

त्यात तू म्हणालास, दोघांनी धरून ठेवली तेव्हा कुठं रक्त निघालं, पोरगी किंचाळून लाल झाली होती. नुसत्या रडण्यानंही काऊंट चढतो. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या पेशी प्रवाहात सुटतात, मशीन बिचारं त्याही मोजतं. स्टेरॉइडच्या औषधानंही चढतो. मागच्या खोकल्यात तिला तसं काही दिलं होतं का, वहिनींना विचार आणि डॉक्टरांना सांग.

बाकी बऱ्याच वेळा कारण साधं निघतं. कान फुटलेला असतो, घसा, लघवीतलं इन्फेक्शन, न्यूमोनिया. जंतू, म्हणजे बॅक्टेरिया, असले की बहुतेकदा न्यूट्रोफिल वाढतात, व्हायरसमध्ये बऱ्याचदा लिम्फोसाइट. उलट डेंग्यूत काऊंट खाली येतो, तेव्हा कमी आकडा म्हणजे सुखच असंही नाही. गाळप सुरू झालं की आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्यांतली पोरं येतात, शेतात अनवाणी फिरणारी. त्यांच्यात इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार, वाढलेले दिसले की मी आधी जंतांचा विचार करतो. दमा-ॲलर्जीतही ते वाढतात. आणि गावोगाव फिरताना ज्या तान्ह्यांची लस चुकलेली असते, त्यांना डांग्या खोकला झाला तर काऊंट ४०-५० हजारांवरही जाऊ शकतो, त्यात बहुतेक लिम्फोसाइट. तसलं बाळ खोकताना निळं पडतं. तिथं आकड्याकडं बघत बसायला वेळच नसतो.

तुला एक सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आमचा अथर्व तीन वर्षांचा होता, तापानं फणफणलेला, काऊंट २७,४००. रात्री लॅब उघडून मी एकटाच बसलो. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्लाइड ओढतोय, पण त्या रात्री हात असा थरथरला की पहिल्या दोन जाडच आल्या. तिसरी जमली. लेशमनचा रंग टाकला, थांबलो, धुतली, वाळवली, ऑइलचा थेंब टाकून मायक्रोस्कोपला डोळा लावला. ब्लास्ट शोधत होतो, म्हणजे कच्ची पेशी, केंद्रकानं जवळजवळ अख्खी व्यापलेली, ब्लड कॅन्सरमध्ये दिसते ती. एक लिम्फोसाइट जरा मोठा दिसला तर घाम फुटला. बाकी सगळे न्यूट्रोफिल, त्यात पुष्कळ बँड, म्हणजे पुरते न पिकलेले न्यूट्रोफिल, दाणे गडद झालेले. म्हणजे जंतूंशी झुंज चाललेली. सकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बघितलं, बालरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला, उजव्या बाजूला न्यूमोनिया. अँटिबायोटिक झालं, दोन आठवड्यांनी काऊंट ९,८००. सुमनला मी ती रात्र अजून पुरती सांगितलेली नाही.

तू ज्याला घाबरतोयस तो रोग खोटा नाही, पण पोरांमध्ये विरळा. आणि तो असला की बहुधा नुसत्या या एका आकड्यावर थांबत नाही. हिमोग्लोबिन उतरतं, प्लेटलेट कमी होतात, पोर पांढरंफटक पडतं, न पडता-झडता अंगावर निळे डाग उठतात, पाय दुखतात म्हणून चालायला मागत नाही, गाठी येतात, ताप हटत नाही. यातलं काही दिसलं तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. पण तूच म्हणालास, कालपासून ताप नाही, पोरगी उप्पीट मागून खातेय आणि भावाच्या केसांना लोंबकळतेय.

डॉक्टरांना दाखव आणि सीबीसी, म्हणजे हीच रक्ततपासणी, पुन्हा कधी करायचं ते त्यांनाच ठरवू दे. करतील तेव्हा स्मिअरही, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली, बघायला सांगतील का, तेवढं विचार. तोवर आपल्या मनानं अँटिबायोटिक आणू नकोस.

आणि तू रिपोर्टचं पहिलंच पान पाठवलंयस. हिमोग्लोबिन, प्लेटलेट दुसऱ्यावर असतील. त्याचा फोटो टाक, आज नऊपर्यंत मी लॅबमध्येच आहे.

तुझा,
बाळ्या