पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतला 'कॅट'च्या, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीवरचा लेख वाचला. एकदा वाचून विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा वाचला. पानाच्या मधोमध चौकट करून ठळक टायपात छापले आहे की, चांगल्या आयआयएममध्ये जायचे तर ९९ टक्के गुण हवेत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. मी मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले. मुलांच्या वहीत चूक दिसली की लाल शाईने गोल करायची सवय अजून गेलेली नाही. तुमच्या चौकटीभोवतीही तसा गोल केला आहे आणि ते पान समोर ठेवूनच हे पत्र लिहितो आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. दर शंभरात आपल्यापेक्षा मागे किती मुले राहिली, याचे ते माप आहे. कॅटला साधारण तीन लाख मुले बसतात. ९९ पर्सेंटाइल म्हणजे त्यांतल्या पहिल्या तीन हजारांच्या आसपास नंबर. त्याचा पेपरातल्या ९९ टक्के गुणांशी काही संबंध नाही. २०२४च्या पेपरात ६८ प्रश्न होते. प्रत्येकी ३ गुण, एकूण २०४. त्याचे ९९ टक्के काढले तर जवळजवळ २०२ होतात. म्हणजे एक प्रश्न जरी चुकला तरी ९९ टक्के होत नाहीत. प्रत्यक्षात साधारण निम्मे गुण मिळाले तरी मूल ९९ पर्सेंटाइलच्या घरात जाते. लेखकाने किंवा तुमच्या उपसंपादकांनी हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहायला हवा होता. सातवीतला मुलगाही तो करू शकतो.

ही शब्दाची चूक आहे, एवढे मनाला लावून घेऊ नये, असे कोणी म्हणेल. पण याच चुकीने माझ्या मुलीचे एक वर्ष खाल्ले आहे.

ती आमच्या कराडलाच बी.कॉम. झाली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात. पुण्यातल्या एका क्लासची ऑनलाइन बॅच लावली. प्रवेशाच्या वेळी फोनवरच्या बाईंनी मला सांगितले, "सर, ९५ टक्क्यांच्या खाली काही उपयोग नाही हं." मीही ते टक्केच समजलो आणि मुलीला तेच सांगितले जे वर्गात एकतीस वर्षे सांगत आलो: पेपर कोरा सोडायचा नाही, येत नसले तरी काहीतरी लिहायचे. याचे मला आजही वाईट वाटते.

तिची पहिली मॉक, म्हणजे सराव परीक्षा, मी शेजारी बसून पाहिली. शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप, कोपऱ्यात उलटी धावणारी मिनिटे. पहिला विभाग इंग्रजीचा, २४ प्रश्न, ४० मिनिटे. उतारे लांबलचक. तिसऱ्या उताऱ्यापर्यंत २९ मिनिटे गेली आणि तिच्या ओठांची हालचाल सुरू झाली. घाबरली की ती मनातल्या मनात वाचत नाही, पुटपुटते, लहानपणापासूनच. शेवटच्या पाच मिनिटांत तिने उरलेल्या सगळ्या प्रश्नांना अंदाजाने उत्तरे दिली, कारण कोरे सोडायचे नाही हा माझा नियम. निकाल आला तो असा: २४ पैकी २४ सोडवले, ९ बरोबर, १५ चूक. चुकलेल्यांत १२ प्रश्न दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे होते; कॅटमध्ये अशा चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, तसा त्यांचा प्रत्येकी एक गुण कापला गेला. २७ मधून १२ वजा जाऊन हातात १५ गुण. मी फुलस्केपवर तेच गणित दुसऱ्या पद्धतीने मांडले. तिने फक्त १४ प्रश्नांना हात लावला असता, त्यांतले तेच ९ बरोबर आणि ५ पर्यायांचे चूक आले असते, तरी २२ गुण झाले असते. दहा प्रश्न कोरे ठेवून सात गुण जास्त.

हे तिला क्लासने सांगायला हवे होते. क्लासने फक्त बॅचमधला तिचा नंबर पाठवला आणि पुढच्या मॉकची तारीख. आम्ही बापलेक ते हळूहळू आपले आपण शिकलो, पण तोवर नोव्हेंबर आला. कोल्हापूरच्या केंद्रावर तिने खऱ्या पेपरातही धास्तीने सवयीप्रमाणेच केले. गणितात ९६ पर्सेंटाइल, इंग्रजीत ५८. बहुतेक आयआयएम प्रत्येक विभागाची किमान पर्सेंटाइल वेगळी पाहतात. तिथेच ती अडली. कॅटचे गुणही त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या लेखात याहून मोठी चूक आहे, तिच्याभोवती मी दोनदा गोल केला आहे. 'मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी गणित लवकर संपवून उरलेला वेळ इंग्रजीला द्यावा.' हे होऊच शकत नाही! २०१४ साली १७० मिनिटांत १०० प्रश्न होते आणि कुठल्याही विभागात केव्हाही जाता येत होते. २०१५पासून प्रत्येक विभागाची वेळ बांधलेली आहे, आधी ६० मिनिटे आणि २०२०च्या कोरोना साथीपासून ४०. इंग्रजी पहिले, मग तर्क आणि आकडेवारी, गणित सगळ्यांत शेवटी. एक विभाग संपला की परत मागे फिरता येत नाही. दहा वर्षांहून अधिक काळ बंद असलेली वाट लेखक मुलांना दाखवतो आहे, आणि तीही आमच्याच मुलांना, ज्यांची खरी अडचण त्या पहिल्या ४० मिनिटांत आहे. कॅटचे गणित म्हणजे काळ-काम-वेग, शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, थोडे बीजगणित, थोडी भूमिती. ते आमच्या मुलांना येते. त्यांना रोज एक अनोळखी विषयाचा इंग्रजी उतारा घड्याळ लावून वाचायला सांगा. लेखात त्याबद्दल एक ओळ नाही.

शेवटच्या परिच्छेदात लेखकाने आपल्या राज्याची एमबीएची प्रवेशपरीक्षा, सीईटी, हीही त्याच दमात उरकली आहे. 'तयारी तीच' म्हणे. तयारी तीच कशी? सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे प्रश्न कोरा सोडणे हा खरोखर मूर्खपणा. कॅटमध्ये नेमके उलटे. मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या व्यवस्थापन संस्थेचे दार या सीईटीने उघडते आणि कॅट देणारी आपल्याकडची कितीतरी मुले सीईटीही देतात. त्यांना दोन वेगळ्या सवयी दोन वेगळ्या वेळी लावून घ्याव्या लागतात. एका लेखात दोन्ही कोंबून तुम्ही दोन्हीकडे नुकसान करता.

लिहितोच आहे तर आणखी एक. मुलगी सकाळी चहाबरोबर तुमचे सुडोकू सोडवते, आकड्यांच्या सरावासाठी. गेल्या गुरुवारच्या कोड्यात चौथ्या आडव्या ओळीत छापतानाच दोन वेळा ७ आला होता. तिने पाऊण तास घालवला, आपलेच चुकते आहे असे समजून. दुसऱ्या दिवशी तुम्ही उत्तर छापले त्यातही तोच ७ दोनदा. दिलगिरीची ओळ कुठे दिसली नाही.

मुलगी आता एका पतसंस्थेत नोकरी करून दुसऱ्यांदा तयारी करते आहे. तिची मला काळजी नाही, तिला आता कळले आहे. आज सकाळी शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा पुरवणी हातात घेऊन आला. गेले दोन महिने मी त्याला जे प्रश्न येत नाहीत ते सोडून द्यायला शिकवतो आहे, तर तो म्हणाला, "सर, पेपरात तर सगळे सोडवा असं आलंय." त्याची पुढची मॉक येत्या रविवारी आहे. रविवारच्या आत, त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, कराड