अपकृत्य म्हणजे गुन्हा नव्हे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला 'टॉर्ट'वरचा, म्हणजे अपकृत्यावरचा (करारभंग सोडून अशी आगळीक, जिच्याबद्दल दिवाणी दावा लावून भरपाई मागता येते) लेख वाचला. लेखकाने कष्ट घेतले असतील, मला ते दिसले नाहीत. 'टॉर्ट हा शब्द टॉर्चरवरून आला' असं ठोकून दिलंय! अहो, ते बापलेक नाहीत, चुलत भावंडं आहेत. दोघांचं मूळ लॅटिनमधलं, पिळणे या अर्थाचं क्रियापद. त्यातून 'तॉर्तुम', म्हणजे पिळलेलं, वाकडं. 1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडमध्ये शिरले, त्यांची फ्रेंच तिथल्या कोर्टांत कित्येक शतकं ठाण मांडून बसली आणि तिच्याबरोबर हा शब्दही. आपणही 'वाकडं पाऊल' म्हणतोच की. त्यासाठी छळापर्यंत जायची काय गरज होती?

तेही चालवून घेतलं असतं. पण मथळ्यात चक्क 'गुन्हा' छापलंत! या घोटाळ्याची किंमत मी मोजली आहे. वरच्या मजल्यावरची गळती माझ्या पुस्तकांच्या कपाटावर टपकत होती. शेवटी दावा लावला, तर येणारा-जाणारा विचारी, "आरोपीला अटक झाली का?" कसला आरोपी? तो प्रतिवादी. मीही फिर्यादी नव्हे, वादी. त्याला आत टाकून माझी पुस्तकं वाळणार होती का? मला हवी होती नुकसानभरपाई. दंड झाला तर तो सरकारजमा, माझ्या हाती ओली पानं. पुढे ते 'आरोपी' त्या गृहस्थांच्या कानावर गेलं आणि तडजोडीला तयार झालेला माणूस जिन्यात तोंड फिरवू लागला.

मारहाण गुन्हाही असते आणि अपकृत्यही, मान्य. म्हणून सगळंच एका पोत्यात भरायचं? करारभंगसुद्धा लेखात अपकृत्यांच्या रांगेत बसवलाय. करारातली जबाबदारी दोघांनी आपसात ठरवलेली असते, अपकृत्यातली कायद्यानेच घातलेली. 1932 चा डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा निकाल तरी चाळायचा! जिंजर बिअरच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाल्याची डोनह्यूबाईंची तक्रार. बाटली घेतली होती मैत्रिणीने, म्हणजे बाईंचा करार कुणाशीच नाही. तरी उत्पादकावर दावा लावता येतो, असं हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने ठरवलं.

आणि 'अपकृत्य' हा आपला तयार शब्द अख्ख्या लेखात एकदाही का नाही?

जाता जाता, त्याच पानावरच्या शब्दकोड्यात उभ्या सातची घरं पाच आणि उत्तर चार अक्षरी आहे. तेवढं तरी दुरुस्त करा.

आपला,
एक जुना वाचक (आणि वादी)