आरोग्यमंत्री साहेब, आमच्या आईची तीन वर्षं कुणी घालवली?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार. मागच्या सोमवारी आईला पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, तिथून आल्यापासून झोप नाहीये म्हणून लिहितेय.

अल्झायमरवर, म्हणजे हळूहळू सगळं विसरायला लावणाऱ्या मेंदूच्या आजारावर, नवीन औषध आलंय हे वाचलं होतं. लेकॅनेमॅब, अमेरिकेत २०२३ ला पूर्ण मंजुरी मिळाली, मग २०२४ ला डोनानेमॅब. मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा साका बसतो तो काढतात ही औषधं. बरं करत नाहीत, माहितीय मला, लेकॅनेमॅबने दीड वर्षात घसरण २७ टक्के हळू झाली एवढंच, शिवाय मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून सारखे एमआरआय. पण आईने अजून काही महिने मला नावाने हाक मारली असती तरी आम्हाला खूप होतं हो.

डॉक्टर तिला म्हणाले, १०० मधून ७ वजा करत जा. ती म्हणाली ९३. मग परत ९३. मग माझ्या तोंडाकडे बघत बसली. साहेब, या बाईने वीस वर्षं गल्लीतल्या ३० बायकांची भिशी तोंडपाठ सांभाळली! स्मरणशक्तीच्या त्या चाचणीत ३० पैकी ११ मार्क पडले. डॉक्टर म्हणाले, हे औषध अगदी सुरुवातीलाच देतात, तुम्ही उशीर केलात.

आम्ही उशीर केला? २०२२ ला तिने एकाच बाईला भिशीचे पैसे दोनदा दिले तेव्हाच मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. "वय झालं की होतं असं", आणि बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं. पुढच्या वर्षी परत गेले तर झोपेची गोळी. तोवर गल्लीत बोभाटा की हिने पैसे खाल्ले. मी बांगड्या मोडून पैसे भरले आणि घरी येऊन तिच्यावरच ओरडले, कारण हा आजार आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते ओरडणं आता कसं परत घेऊ?

तालुका म्हणतो जिल्ह्याला जा, जिल्हा म्हणतो पुण्याला जा, नि पुणे म्हणतं उशीर झाला. देशात डिमेन्शियाचे, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांचे, ८८ लाख म्हातारे आहेत म्हणतात, म्हणजे कोटीच धरा. २०१७ ला जागतिक आरोग्य संघटनेत डिमेन्शियाचा आराखडा मंजूर झाला, देशोदेशी योजना करायचं ठरलं, आपली राष्ट्रीय योजना कुठाय? केरळने २०१४ लाच आपल्यापुरतं काम सुरू केलं, बाकीच्यांचे हात कुणी धरलेत? सत्तरीच्या वरच्यांना ५ लाखांचं आयुष्मान कार्ड दिलंत, आईचंही काढलं, पण ते ॲडमिट झाल्यावर चालतं, आणि ती ॲडमिट नाहीये, ती घरात हरवलीय. लेकॅनेमॅब २०२३ ला अमेरिकेत वर्षाला २६,५०० डॉलरला होतं, म्हणजे २२ लाखांच्या आसपास. त्या किमतीचं बोलणं नंतर करू, आधी आजार तरी वेळेत ओळखा. त्या चाचणीला कागद, पेन आणि दहा मिनिटं लागतात.

२१ सप्टेंबरला अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी भाषण नको. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ही चाचणी कोणत्या तारखेपासून होणार, तेवढं लेखी कळवा.

भिशीवाल्या बाईची लेक,
सोलापूर जिल्हा