तुझ्या एसओपीतल्या त्या दोन बोअरबद्दल

प्रिय मित्रा,

परदेशी युनिव्हर्सिटीच्या अर्जासोबत द्यायची तुझी एसओपी, म्हणजे तिथे काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन, काल रात्री दोनदा वाचली आणि सकाळी उठून परत एकदा. खरं सांगू का, त्यात तू कुठे सापडलाच नाहीस रे. "लहानपणापासूनच मला पाण्याविषयी ओढ होती" ही ओळ आधी काढ, ती कुणीही लिहील.

मला आठवतो तो तुझा शेवटच्या वर्षातला फोन, प्रोजेक्टसाठी औशाकडे विहिरी मोजत होतास तेव्हाचा. भर मे महिन्यात टेपच्या टोकाला वजन बांधून खाली सोडायचास, पाण्याला टेकल्याचा आवाज ऐकायचास आणि आकडा वहीत लिहायचास. आणि मग ते दोन बोअर, एकाच शेतात, मध्ये जेमतेम वीस पावलं, एकाला दोनशे फुटांवर पाणी आणि दुसऱ्यातून तीनशेपर्यंत नुसता फुफाटा. शेतकऱ्याने विचारलं, साहेब असं का, आणि तुला उत्तर देता आलं नाही, म्हणून तू रात्री अकराला मला फोन केलास. नंतर वाचून तूच समजावलंस की आपला बेसॉल्ट म्हणजे थरावर थर, सलग काळ्या पाषाणात पाणी राहत नाही, ते भेगांमध्ये, झिजलेल्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात असतं, बोअरला भेग लागली तर पाणी नाहीतर धूळ. आणि ड्राफ्टमध्ये काय? "ग्राउंडवॉटरवर प्रोजेक्ट केला." एवढंच! अरे तीच तर तुझी एसओपी आहे. सुरुवातच त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाने कर, मग तू कुठे अडलास ते लिही, मग तू अर्ज करतोयस त्या डिपार्टमेंटमध्ये भेगाळलेल्या खडकातल्या पाण्यावर कोण काम करतं आणि तुला तिथे नेमकं काय शिकायचंय ते. प्रोफेसरांची नुसती नावं टाकू नकोस, एखादा पेपर खरंच वाच, वाचलेलं लगेच कळतं.

२०१६ चं एसओपीत कोंबू नकोस. अमेरिकेतल्या बर्कले युनिव्हर्सिटीला एसओपी वेगळी आणि पर्सनल स्टेटमेंट वेगळं मागतात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू शाळकरी पोरगा घागरी घेऊन टँकरला नंबर लावायचास, ते तिथे लिही. दया यावी म्हणून नको, जसं झालं तसं. केटीचं, म्हणजे विषय राहिल्याचं, दोन ओळींत सांग, कारण आणि पुढचे मार्क, बास.

आणि प्लीज कुणाकडून लिहून घेऊ नकोस. मी अर्ज केले तेव्हा पहिल्या वर्षी एका कन्सल्टन्सीला पैसे देऊन लिहून घेतली होती, सगळीकडून नकार आला, आणि नंतर बॅचमधल्या एकीची एसओपी बघितली तर पहिला परिच्छेद शब्दशः माझाच. ते मला अजून सलतं. दुसऱ्या वर्षी स्वतः लिहिली, सात ड्राफ्ट झाले, इंग्रजी साधंच होतं पण माझं होतं.

बऱ्याच ठिकाणी डेडलाईन डिसेंबरात असते, सरांना शिफारसपत्रासाठी आत्ताच सांगून ठेव. नवीन ड्राफ्ट अर्धा असला तरी रविवारपर्यंत पाठव, मी रात्री बसून बघतो. आणि ती विहिरींची वही आहे ना अजून? त्या शेताच्या पानाचा फोटो आधी पाठव.

तुझाच