वरचा मजला न दिल्याबद्दल

वडगावच्या काकूंना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. सूनबाई वाचून दाखवतील. आभार मानायला मी दोनदा तुमच्या दारात आले आणि दोन्ही वेळा "ते असू दे, जेवून जावा" म्हणत तुम्ही विषय चुलीकडे नेलात. दुसऱ्या खेपेला आणलेलं लुगडं तर पिशवीसकट परत आलं, वर शेंगाचटणीचा डबा घालून. म्हणून आता हे चारचौघांत लिहिते आहे. ही पिशवी तरी तुम्हाला परत करता येणार नाही.

आपली ओळख झाली ती एका छोट्या जाहिरातीमुळे. यांना बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीनशॉपमध्ये नोकरी लागली होती. फेब्रुवारी चालू होता आणि मी चिंचवडला बसून रोज बेळगावच्या 'तरुण भारत'मधल्या 'भाड्याने देणे'वरून बोट फिरवत होते. बेळगावात आमचं कुणीच नाही. सासूबाईंचं माहेर सांगली, आमची धाव तिथपर्यंतच. तुमची जाहिरात दोन ओळींची होती: दोन खोल्या, किचन, वरचा मजला, लहान कुटुंब पाहिजे. मी फोन केला. घरात कोण कोण, तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. सासूबाईंच्या गुडघ्यांचं नाव काढताच तुम्ही जरा गप्प झालात आणि मग म्हणालात, "घर चांगलं हाय की. पण तुमाला नको."

मला वाटलं, मटण-मासळी किंवा जातपात असलं काहीतरी आडवं आलं. तसं नव्हतं. जिना लोखंडी आहे, उभा आहे, पावसाळ्यात माझाच पाय सरकतो, असं तुम्ही सांगितलंत. नळाला चार दिवसांनी पाणी. आणि शेवटी "थांबा" म्हणून फोन खिडकीबाहेर धरलात. खटखट खटखट खटखट. पलीकडच्या घरातले माग. "ऐकाय आलं न्हवं? हे रातच्या अकरापतोर. आमाला सवय हाय. तुमच्या पोरीला अभ्यास कसा जमंल?"

आम्ही लग्नानंतर पाच घरं बदलली. गळकं छत दाखवताना "इथून वारा छान येतो" म्हणणारे मालक भेटलेत. घराचा दोष फोन बाहेर धरून ऐकवणाऱ्या मालकीणबाई पहिल्यांदाच भेटल्या.

त्यानंतर दर रविवारी आपलं बोलणं सुरू झालं. मी वहीत लिहून घ्यायचे. त्या वहीचं पहिलं पान आजही पाहिलं की हसू येतं. तुम्ही म्हणालात, "भाडं मागनं विचारा. आधी विचारा संप हाय काय, आणि केवढा हाय." मी लिहिलं: 'संप — कुठे? कशाचा?' आठवडाभर आम्ही बेळगावात नळवाल्यांचा संप आहे असं समजून चालत होतो. यांनी ऑफिसात चौकशीसुद्धा केली. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीला तुमच्याकडे संप म्हणतात हे पुढच्या रविवारी कळलं. पाणी राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येतं, काही वॉर्डांत चोवीस तास नळ आहे आणि बाकीच्यांत चार-पाच दिवसांनी, म्हणून संप आणि वरची टाकी मिळून आठवडा निघतो का ते बघायचं. मालकाला विचारायचं नाही, शेजारणीला विचारायचं. "मालक म्हणंल रोज येतंय. शेजारीण खरं सांगती, तिला भाडं कुठं मिळतंय?"

मार्चमध्ये घरं बघायला आलो तेव्हा तुम्ही स्वतः रिक्षात बसून बरोबर आलात. बेळगावचे पत्ते मला तेव्हा भुलभुलैया वाटत होते. जुन्या शहरात गल्ली, नव्या वस्तीत 'मेन' आणि 'क्रॉस', आणि टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. मी गेट म्हणजे कुठल्या तरी सोसायटीची कमान शोधत होते. रेल्वेचं फाटक असतं हे फाटक बंद झाल्यावर, रिक्षात अडकल्यावर समजलं. शहापुरातून जाताना तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "हे तुमच्या सांगलीचंच की. आधी संस्थानात होतं." सासूबाई एकदम सरळ बसल्या. तोवर त्यांचा चेहरा परदेशी निघाल्यासारखा होता.

त्या दिवशीचं एक घर मी विसरणार नाही. नवा रंग, टाईल्स चकचकीत, भाडंही परवडणारं. हे तर खिशात हात घालून उभे राहिले, टोकन द्यायला. तुम्ही काही न बोलता बेडरूममध्ये गेलात, लोखंडी कपाट दोन्ही हातांनी पुढे ओढलंत आणि मागच्या भिंतीला तळवा लावलात. मग मला बोलावलंत. भिंत कोरडी होती, पण रंग नखानं खरवडला तर खालून पांढरी भुकटी पडली. कमरेच्या उंचीपर्यंत. "मार्चात सगळीच घरं कोरडी असतेत," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. बाहेर आल्यावर समोरच्या घरातल्या आजींना विचारलंत, २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं. बळ्ळारी नाला तिथून फार लांब नव्हता. एजंट म्हणाला, एकदाच आलं होतं. तुम्ही त्याला म्हणालात, "एकदाच बुडालं तरी बुडतंयच की."

आता जुलै चालू आहे. महिनाभर झिमझिम आहे, कपडे वाळत नाहीत, गाद्यांना वास येतो, आणि आमच्या बेडरूमची भिंत कोरडी आहे. मी रोज कपाटामागे हात घालून बघते. सवयच लागली.

घराच्या व्यवहारातही तुम्ही आम्हाला एका ठिकाणी थांबवलंत. एका मालकांनी 'लीज' म्हटलं: एकरकमी मोठी रक्कम द्या, तीन वर्षं भाडं नाही, निघताना रक्कम परत. आमच्याकडे हा प्रकार फारसा ऐकलेला नाही. हिशेबात फायद्याचा वाटला. तुम्ही विचारलंत, घरावर बँकेचं कर्ज आहे का, आणि निघताना पैसे कुठून देणार. त्यावर मालकांनी जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच की पुढचा भाडेकरू रक्कम आणेल तेव्हा आमची सुटेल. आम्ही भाडंच बरं म्हटलं. अकरा महिन्यांचा करार ई-स्टॅम्पवर केला, आणि तुमच्या सांगण्यावरून हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, बिलावरचा आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) त्याच दिवशी लिहून घेतला. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची २०० युनिटपर्यंतची वीजबिलाची सवलत भाडेकरूलाही मिळते, पण आधीच्या भाडेकरूचं आधार त्या नंबरावरून काढल्याशिवाय आपलं जोडता येत नाही, हे आम्हाला दुसरं कुणीही सांगितलं नव्हतं.

खरा उपकार मात्र शाळेचा. आम्ही ट्रक ठरवला होता १० जूनचा. चिंचवडला शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेच डोक्यात. तुम्ही तारीख ऐकून फोनवरच ओरडलात, "अगं बाई, इथं मे संपताना शाळा भरती!" मग धावपळ. लेक तिसरीत जाणार. शाळा बदलायची, तीही राज्य ओलांडून, म्हणजे दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल, ती सुट्टी लागण्याआधी घ्या, असं तुमच्या धाकट्या बहिणीनं, त्या शिक्षिका होत्या म्हणून, तुमच्यामार्फत कळवलं. आम्ही एप्रिलमध्येच सही घेतली. मे महिन्यात त्या कार्यालयात कोण भेटलं असतं कोण जाणे.

आणि कन्नड. २०१५ च्या कायद्यामुळे कर्नाटकातल्या शाळेत, बोर्ड कुठलंही असो, कन्नड शिकावीच लागते. माझी पोर तिसरीत जाऊन पहिलीची अक्षरं गिरवणार म्हणून मी रडकुंडीला आले होते. तुम्ही नातवाचं पहिलीचं पुस्तक एसटीच्या पार्सलनं पाठवलंत, आणि त्याच्या पहिल्या पानावर प्रत्येक कन्नड अक्षराखाली पेन्सिलीनं मराठी अक्षर लिहिलेलं. क, ख, ग, घ. क्रम तोच, बाराखडी तीच. फक्त ए दोन आणि ओ दोन, एक आखूड, एक लांब. ते मला अजून ऐकू येत नाही, लेकीला येतं. ती आता मला सुधारते. 'री' लावायचंही तुम्हीच शिकवलंत: बर्री, हेळ्री, शब्दाच्या शेवटी 'री' आला की माणूस मऊ होतो. भाजीवालीजवळ मी मोडकंतोडकं कन्नड बोलते, ती मला मराठीत भाव सांगते, आणि हे रोज असंच चालतं. पाव किलो भेंडी जास्त येते मात्र.

चिंचवडचे नातेवाईक एकच विचारत होते, तिथे मराठी बोललेलं चालतं का. तुम्ही 'काही नाही हो, सगळं छान आहे' असं म्हणाला नाहीत, हे मला आवडलं. सीमावादाचं १९५६ पासूनचं दुखणं आहे, खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, हे सांगितलंत. तुमच्या मिस्टरांनी त्यापायी काय सोसलं ते एकदाच, आमटी ढवळता ढवळता सांगितलंत. ते मी इथे लिहीत नाही. पण रोजच्या कामापुरतं जे लागतं तेही दिलंत. १ नोव्हेंबरला सामान हलवायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत; कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी माणसांच्या काळ्या दिनाची फेरी एकाच दिवशी, रस्ते बंद. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा लॉजमध्ये खोली मिळत नाही. वाद पेटला की एसटी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडेच थांबते, म्हणून सणाला जायचं तर रेल्वेचं तिकीट काढून ठेवायचं. आणि फॉर्म भरताना 'बेळगाव' शोधत बसू नका, २०१४ पासून यादीत 'बेळगावी' आहे. यातलं हे शेवटचं मी विसरले आणि गॅसच्या अर्जात अर्धा तास घालवला.

गाडीचं तेवढं आमच्याकडून राहिलं आहे. बारा महिन्यांच्या आत तिचा चिंचवडचा एमएच-१४ नंबर बदलून बेळगावचा केए-२२ करायला हवा, त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी हवी, इथला रोड टॅक्स भरून तिकडचा उरलेला परत मागायला हवा. हे म्हणतात, दिवाळीनंतर. तुम्ही भेटलात की त्यांना एकदा झाडा.

आम्ही अनगोळच्या बाजूला तळमजल्यावर राहतो. संप मोठा आहे. सासूबाई स्वतः उठून दारातल्या कट्ट्यावर बसतात आणि शेजारणींना सांगलीच्या गोष्टी सांगतात. दूधवाला, गिरण, दवाखाना, सगळं पायी. तुम्ही वरचा मजला आम्हाला दिला असता तर एव्हाना सासूबाई आठवड्यातून एकदा खाली उतरल्या असत्या आणि मी रोज कळशा वर नेल्या असत्या. तुमचं भाडं मात्र त्या महिन्यापासून बुडतंय. परवा वडगावातून येताना पाटी अजून तशीच लटकलेली दिसली, पावसानं अक्षरं फुटलेली.

तर काकू, यांच्या मशीनशॉपमध्ये एक नवा मुलगा रुजू झाला आहे. नवरा-बायको दोघंच, तरणी, लोखंडी जिना धावत चढतील. संपाचं, पाण्याचं, सगळं मी त्यांना आधीच सांगितलं. मागांचंही सांगितलं. तर ती हसायला लागली. इचलकरंजीची आहेत, म्हणाली, आवाज बंद पडला की आम्हाला जाग येते.

पाठवू का रविवारी?

तुमची,
अनगोळची चिंचवडकरीण